घरात शुगर आली आणि विमा अपुरा आहे: पहिल्या वर्षात काय काय करावं

२०१८ साली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शुगर पहिल्यांदा कळली. उपाशीपोटी १९२, जेवणानंतर तीनशेच्या वर. रिपोर्ट हातात आल्यावर मी आधी विम्याची चौकशी केली. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील नव्हते. त्यांच्यासाठी घाईघाईने ३ लाखांची वेगळी पॉलिसी घेतली आणि आता सोय झाली असं समजून निवांत झालो. पहिल्याच महिन्यात औषधांचं बिल २,४०० रुपये झालं. घरी शुगर तपासायच्या पट्ट्या, लॅबच्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी वेगळी. त्यातला एक रुपयाही विम्यातून मिळणार नव्हता.

बहुतेक घरांत गडबड इथेच होते. आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो. मधुमेहाचा पैसा मात्र वर्षानुवर्षं मेडिकलच्या दुकानात आणि लॅबमध्ये जातो. तो खर्च परवडेनासा झाला की माणसं गोळ्यांत काटकसर करतात, दिवसाआड घेतात, तपासणी पुढे ढकलतात. मग काही वर्षांनी पाय, मूत्रपिंड किंवा हृदय घेऊन दवाखान्यात भरती व्हावं लागतं, आणि तिथे ३ लाख पुरत नाहीत. त्यामुळे हातातला थोडका पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे पहिल्याच वर्षी ठरवून घ्यावं. आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. इथे सांगतोय ते घरच्यांनी करायच्या कामांबद्दल.

पहिलं काम: एक वही आणि एक फाइल

वहीत तीन गोष्टी लिहा. औषधाचं नाव म्हणजे त्यातल्या घटकाचं नाव (गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं), ते किती मिलिग्रॅम आहे आणि कधी घ्यायचं. दुसऱ्या पानावर तपासण्यांच्या तारखा आणि आकडे. तिसऱ्यावर खर्च. फाइलमध्ये सगळे रिपोर्ट, चिठ्ठ्या आणि बिलं तारखेनुसार लावा. डॉक्टर बदलावे लागले किंवा क्लेम करायची वेळ आली तर हीच फाइल कामी येते. शुगर नेमकी कधी निघाली हे कागदावर असणं विम्यासाठी फार महत्त्वाचं आहे. त्याबद्दल पुढे.

दुसरं काम: आपल्याला काय काय लागू आहे ते शोधा

यात आठवडा गेला तरी चालेल, पण नीट करा.

घरात कुणी कारखान्यात, दुकानात किंवा लहान कंपनीत २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर असेल तर त्याच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते का ते पाहा. कापली जात असेल तर ती या आजारासाठी सगळ्यात उपयोगी सोय आहे, कारण तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधंही येतात. खाजगी विम्यात बहुधा तेच नसतं. त्या कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचीही नावं घालता येतात. आमच्या शेजारच्या मुलाच्या पगारातून चार वर्षं पैसे कापले जात होते आणि त्याची आई खाजगीत गोळ्या विकत घेत होती. तिचं नाव घालायचं राहूनच गेलं होतं.

दुसरी सोय सरकारी दवाखान्याची. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांसाठी वेगळी ओपीडी चालते. तिथे ‘एनसीडी’ कुठे आहे असं विचारलं की दाखवतात. गर्दी असते, एखादं औषध कधी संपलेलं असतं. तरीही मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या शुगरच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिथून घेतल्या आणि एखादीच बाहेरून आणली, तर महिन्याचा खर्च बराच खाली येतो. मुंबईत महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ आहेत.

तिसरी सोय दाखल व्हावं लागलं तर लागणारी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून ५ लाखांवर गेली आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली केली, पांढऱ्या कार्डालाही. ‘आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काही मिळत नाही’ असं अजूनही घराघरांत म्हणतात. ते आता खरं नाही. घरात ७० वर्षांवरचं कुणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यावरही ५ लाखांचं संरक्षण आहे. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. आयुष्मानची हेल्पलाइन १४५५५. दोन्ही योजना अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांतच आणि ठरलेल्या उपचारांनाच चालतात. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. म्हणून आज, सगळं ठीक असताना, जवळचं अंगीकृत रुग्णालय कोणतं ते पाहून ठेवा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून या. आधार आणि शिधापत्रिकेवरची नावं जुळतात का ते तपासा. रात्री दोन वाजता पेशंटला घेऊन गेल्यावर नावातली वेलांटी दुरुस्त होत नाही.

चौथी सोय फार कमी लोकांना माहीत असते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला वेळ जातो, म्हणून आधीच काढून ठेवा. अशा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना थेट भेटा.

तिसरं काम: औषधांचा खर्च कमी करा, औषधं कमी करू नका

डॉक्टरांना सरळ सांगा, ‘महिन्याला इतकेच जमतील, त्यात बसेल असं लिहून द्या.’ मला हे सांगायला दोन वर्षं लागली, कारण लाज वाटत होती. सांगितल्यावर डॉक्टरांनी पाच मिनिटांत चिठ्ठी बदलली.

मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत. पेटंट संपलं की अनेक कंपन्या तेच औषध काढतात आणि भाव उतरतो. व्हिल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि सिटाग्लिप्टिन यांचं असंच झालं. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा रुपयांच्या आत मिळू लागली. तरीही जुन्या चिठ्ठीवर जुना महाग ब्रँड तसाच चालू राहतो, कारण कुणी विचारत नाही. अण्णांची सिटाग्लिप्टिन आधी दिवसाला पंचेचाळीस रुपयांना पडायची. २०२२ मध्ये जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, १०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या १०० रुपयांना आल्या. त्या एका बदलाने महिन्याचे हजार रुपये वाचले, आणि त्यातून डोळ्यांची आणि मूत्रपिंडाची तपासणी भागायला लागली.

जनऔषधी केंद्रातून घेताना ब्रँडचं नाव सांगू नका, घटकाचं सांगा. मिश्र गोळ्यांत आकडा नीट पाहा: ग्लिमेपिराइड १ आणि २ यांत दुप्पट फरक आहे, आणि चुकून २ घेतली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. पाकिटावर ‘एसआर’ (पोटात हळूहळू विरघळणारी) लिहिलेली मेटफॉर्मिन तोडायची किंवा कुटायची नसते. नवीन कंपनीची गोळी सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे शुगर जरा जास्त वेळा पाहा आणि वहीत लिहा, म्हणजे मनातली शंका आकड्यांनी मिटते.

इन्सुलिन लागलं तर आधी विचारा, ‘साधं ह्यूमन इन्सुलिन चालेल का?’ प्रत्येकाला ते चालेलच असं नाही, पण चालत असेल तर कुपीतलं इन्सुलिन पेनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. इथे मात्र जपा. आपल्याकडची साधी कुपी ४० युनिटची असते आणि तिला लाल टोपीचीच सिरिंज लागते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटसाठी असते. त्यांची अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. वापरात असलेली कुपी सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. फ्रिज नसेल किंवा उन्हाळ्यात वीज जात असेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात लहान भांडं आणि त्यात प्लॅस्टिकच्या डबीत कुपी, असं ठेवता येतं. टाइप १ (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असलेल्या मुलाचं इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही, कुणी काहीही सांगितलं तरी.

आणि हो, कडू कारल्याचा रस, मेथ्या, कुणाच्या तरी गावचा काढा. आवडीने घ्या, पण त्यासाठी गोळी बंद करू नका. ‘शुगर मुळापासून घालवतो’ असं सांगणाऱ्यांवर आमच्या नात्यातल्या एका घराने जितका पैसा घातला, तितक्यात दोन वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

चौथं काम: तपासण्यांचं वेळापत्रक

लॅबवाले सत्तर-ऐंशी तपासण्यांचं ‘पॅकेज’ विकतात. त्यातल्या बहुतेक मधुमेहासाठी लागत नाहीत, आणि ज्या लागतात त्यातली एखादी नेमकी नसते. लागतात त्या या:

तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी. गोळ्या बदलत असतील तर दर तीन महिन्यांनी, आकडा स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. बऱ्याच जणांसाठी ७ च्या आत हे लक्ष्य असतं. वय जास्त असेल, सोबत इतर आजार असतील तर डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात. रक्त कमी असेल किंवा सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर हा आकडा फसवतो. गडचिरोली, नंदुरबारकडच्या घरांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन. पहिलं लोक वगळतात, कारण क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास मात्र बहुधा आधी लघवीत दिसतो, तेव्हाच सावरायला वाव असतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. कोलेस्टेरॉलही वर्षातून एकदा. रक्तदाब प्रत्येक भेटीत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि घर शाकाहारी असेल तर बी१२ बद्दल विचारा, कारण त्या कमतरतेनेही पायाला मुंग्या येतात.

ग्लुकोमीटर घेताना यंत्राची किंमत पाहू नका, पट्टीची पाहा. यंत्र एकदाच घ्यायचं, पट्ट्या कायम. फक्त गोळ्या चालू असतील आणि आकडे स्थिर असतील तर रोज टोचायची बहुधा गरज नसते. आम्ही आठवड्यात दोन पट्ट्या वापरतो, पण जोडीने: एका जेवणाआधी एक आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी दुसरी. आठवड्यागणिक जेवण बदलायचं. महिन्याभरात कुठलं जेवण साखर चढवतंय ते कळतं. आमच्याकडे ते रात्रीचा भात किंवा आमरस नव्हता. सकाळच्या चहासोबतचे चार टोस्ट होते. इन्सुलिनवर असणाऱ्यांना जास्त वेळा तपासावं लागतं, तिथे काटकसर नको.

पाचवं काम: ताट

वेगळं ‘डायबेटिक’ पीठ, बिस्किटं, शुगर-फ्री मिठाई, यांवर पैसे घालू नका. आहे तेच ताट वेगळं वाढा: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासे, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिच्यातही पिष्ट आहेच. तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. गूळ ही साखरच. उपवासाला साबुदाणा खिचडीऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी, ताक बरं. उपवास धरायचा असेल तर त्या दिवशीच्या गोळ्यांचं आधीच डॉक्टरांना विचारा. आषाढी एकादशीला आमच्या घरात काय झालं ते पुढेच आहे.

सहावं काम: दवाखान्यात नेणाऱ्या दोन गोष्टी रोखणं

पहिली, शुगर एकदम खाली जाणं. त्या एकादशीला अण्णांनी ग्लिमेपिराइड घेतली आणि दुपारपर्यंत फक्त चहा प्यायला. घाम, थरथर, चिडचिड. आम्हाला वाटलं उपवासाने डोकं दुखतंय. यंत्रावर ५२ आले. ७० च्या खाली गेलं की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून खाली असेल तर परत द्यायची, वर आल्यावर जेवण. यंत्र हाताशी नसेल तर लक्षणांवरूनच साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर लावा. घरात त्या वेळी नेमकं कोण असेल सांगता येत नाही. आमच्याकडे आठवीतली भाची होती.

उलट्या-जुलाब, ताप, खाणंपिणं बंद, असं झालं तर डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू असल्याचं त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ती अशा वेळी बहुधा थांबवावी लागते. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने थांबवायचं नाही.

दुसरी, पाय. २०२३ मध्ये नवीन चपलेने अण्णांच्या अंगठ्याजवळ फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी आठ दिवस सांगितलंच नाही. संवेदना गेलेल्या पायाला दुखत नाही, धोका तोच आहे. नऊ दिवस रुग्णालयात काढले, पाय वाचला. तेव्हापासून आई रोज रात्री त्यांचे तळवे पाहते: बोटांच्या बेचक्या, टाचा, नखं. एकटं राहणाऱ्याने जमिनीवर आरसा ठेवून पाहावं. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायच्या. घरातही चप्पल. देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालून जावं. गरम पाण्याची पिशवी, कुरूपाची औषधी पट्टी, ब्लेडने कातडी काढणं, हे सगळं बंद. वारीला जाणाऱ्यांनी नवे बूट-चपला निघताना घालू नयेत, महिनाभर आधी वापरून पाहाव्यात. लाली, सूज, पाणी येणारी जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवा. पायाकडे पाहायला काहीच पैसे लागत नाहीत.

सातवं काम: विमा घेताना आणि क्लेम करताना

शुगर आहे हे लपवून पॉलिसी घेऊ नका. एजंट ‘लिहू नका, काही होत नाही’ म्हणाला तरी फॉर्म स्वतः वाचा. खोटी माहिती निघाली की ऐन वेळी क्लेम नाकारला जातो आणि तोवर भरलेले हप्ते वाया जातात. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं झाला आहे, आधी तो चार होता. काही पॉलिसी जादा हप्ता घेऊन मधुमेह लवकर धरतात. हप्त्यातला फरक आणि वाचणारी वर्षं मांडून पाहा. नोकरीतल्या गट विम्यात आई-वडिलांना घेता येत असेल तर आधी तो मार्ग, कारण तिथे जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात.

पॉलिसी वाचताना खोलीभाड्याची मर्यादा शोधा. आमच्या ३ लाखांच्या पॉलिसीत ती दिवसाला ३,००० होती. अण्णांच्या पायाच्या वेळी आम्ही ५,००० ची खोली घेतली. मला वाटलं रोजचे वरचे दोन हजार आपण भरू. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च, सगळंच त्या प्रमाणात, म्हणजे ६० टक्केच, मंजूर झालं. औषधांच्या बिलाला तेवढी ही कपात लागली नाही. जनरल वॉर्डात राहिलो असतो तर खिशातून फारच थोडे गेले असते. दाखल होताना काउंटरवर एकच वाक्य म्हणा: ‘आमच्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या.’ तशीच ‘को-पे’ची टक्केवारी पाहा, म्हणजे बिलातला किती वाटा आपल्यावर येतो ते कळेल.

हप्ता चुकवू नका. चुकलाच तर वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात भरा. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा, म्हणजे भरलेला वेटिंग पिरियड वाया जात नाही. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. आई-वडील साठीच्या पुढे आणि विमा नसलेले असतील, तर जुन्या कररचनेत त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. रोख दिलेला खर्च चालत नाही, म्हणून मेडिकलचं बिल यूपीआयने भरा.

आठवं काम: घरातले बाकीचे

आईच्या गोळ्या संपल्या की ती चार दिवस ‘आणू नंतर’ म्हणायची. अण्णांच्या मात्र एक दिवस आधीच यायच्या. घरात दोघांना आजार असला की बाईचा मागे पडतो. म्हणून आता दोघांच्या गोळ्या एकाच तारखेला, एकाच पिशवीत आणतो.

आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर मुलांनीही तपासून घ्यावं. तिशीनंतर उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. गरोदरपणात शुगर वाढली होती अशा मुलींनी बाळंतपणानंतर दीड महिन्याने आणि मग ठरावीक काळाने तपासावं, पुढे काही त्रास नसला तरी. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर टाळाटाळ नको. गेल्या दिवाळीत आम्ही तिघा भावंडांनी एकत्र रक्त दिलं. माझं आणि ताईचं ठीक आलं, धाकट्याचं एचबीए१सी ६.१. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहे. तो आता रोज संध्याकाळी अण्णांना घेऊन पाऊण तास चालतो, आणि त्याच वहीत एक नवं पान त्याच्या नावाचं सुरू झालं आहे.